काही कमी पडू दिले नाही

घरातील कोणी दीर्घ दुखण्याने गेला, अगर मरणाच्या दारातून परत आला, म्हणजे आपल्याकडे एक वाक्य हटकून ऐकू येते: “आम्ही काही कमी पडू दिले नाही.” जमीन गहाण पडलेली असेल, गृहिणीच्या अंगावरचे सोने मोडले असेल, मुलाचे शिक्षण एक वर्ष मागे पडले असेल, पण या एका वाक्याने त्या सर्वांचा हिशेब चुकता होतो आणि बोलणाऱ्याच्या मनास समाधान लाभते. शेजारीपाजारीही कर्तव्याची पावती याच शब्दांत देतात. प्रेम म्हणजे कमी पडू न देणे आणि हयगय म्हणजे कमी करणे, ही समजूत आपल्या हाडीमाशी इतकी खिळली आहे की, कमी करणे हेही केव्हा केव्हा प्रेमाचे, किंबहुना अधिक कठीण अशा प्रेमाचे कृत्य असू शकेल, हा विचार प्रथमदर्शनी विपरीतच वाटावा.

हा विचार नुसत्या तर्काने पारखण्यापेक्षा एखाद्या रोगाच्या प्रत्यक्ष चिकित्सेत तो कसा उतरतो हे पाहणे बरे. लिम्फोमा नावाच्या कर्करोगावर किरणांचा उपचार गेली सव्वाशे वर्षे होत आला आहे. त्याच्या इतिहासाचा पूर्वार्ध अधिकाधिक देण्याचा आहे आणि उत्तरार्ध कमी कमी करीत जाण्याचा आहे. वैद्यकाच्या दृष्टीने दोन्ही भाग सारखेच महत्त्वाचे. परंतु नीतीच्या दृष्टीने उत्तरार्धच अधिक उद्बोधक वाटतो.

शरीरात रक्तवाहिन्यांच्या जोडीने लसिकावाहिन्यांचे एक जाळे पसरलेले असते. मान, काख, जांघ, छाती आणि पोट या ठिकाणी त्या जाळ्यावर लहान लहान ग्रंथी असतात, आणि बाहेरून आलेल्या रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पेशींची ती ठाणी होत. या रक्षक पेशीच बेबंद वाढू लागल्या म्हणजे जो कर्करोग होतो तो लिम्फोमा. त्याचे प्रकार पुष्कळ आहेत. लंडनच्या गायज् रुग्णालयातील टॉमस हॉजकिन याने १८३२ साली सात रोग्यांच्या हकीकती देऊन ज्या प्रकाराकडे लक्ष वेधले, तो पुढे त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. हा हॉजकिनचा रोग पुष्कळदा ऐन तारुण्यात गाठतो, ही गोष्ट पुढील विवेचनात वाचकांनी विसरू नये. कारण सारा प्रश्न तेथूनच उत्पन्न होतो.

आपल्याकडे मानेला गाठ आली की प्रथम संशय येतो तो गंडमाळांचा, म्हणजे क्षयाच्या गाठींचा. हा संशय निराधार नसतो. डॉ. विल्यम वॉनलेस या मूळच्या कॅनडातील मिशनरी शल्यवैद्याने १८९४ साली मिरजेस रुग्णालय उघडले, आणि पुढे सांगली व मिरज यांच्या दरम्यानची वॉनलेसवाडी क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाकरिता सर्वत्र माहीत झाली. एवढा क्षय आपल्या ओळखीचा. त्यामुळे लिम्फोमाचे कित्येक रोगी क्षयाची औषधे घेण्यात महिनेच्या महिने घालवितात, आणि गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच खरा प्रकार उघडकीस येतो. एवढे झाले म्हणजे मग उपचाराचा विचार सुरू होतो.

राँटगेन याने १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला, आणि अवघ्या सात वर्षांत, १९०२ साली, शिकागोच्या पुसी या वैद्याने ते हॉजकिनच्या गाठींवर टाकून पाहिले. लसिकापेशी किरणांपुढे फार दुबळ्या असतात. शरीरातील इतर बहुतेक पेशी सोसून जातील एवढ्या मात्रेतच त्या मरतात. गाठी थोड्याच दिवसांत विरघळू लागल्या तेव्हा रोग जिंकला असेच पुष्कळांस वाटले असल्यास नवल नाही. पण तो आनंद टिकला नाही. ज्या गाठीवर किरण पडले ती जाई, आणि शेजारची उठे. यावरून जिनीव्हाच्या गिल्बर्ट याने असे प्रतिपादिले की, दिसते तेवढ्या गाठीवर किरण देणे पुरेसे नसून, निरोगी दिसणाऱ्या शेजारच्या ग्रंथींवरही ते दिले पाहिजेत. टोरॉन्टो येथील डॉ. व्हीरा पीटर्स या विदुषीने १९२४ ते १९४२ पर्यंत किरण घेतलेल्या ११३ रोग्यांची पाहणी करून १९५० साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. शेकडा ५१ रोगी पाच वर्षांनी आणि शेकडा ३५ दहा वर्षांनी जिवंत होते. ज्या रोगाचे नाव म्हणजे मृत्यूची तारीख असे मानण्याची रीत होती, त्याच्या बाबतीत हे आकडे अनेकांस खरेच वाटेनात.

पुढे स्टॅन्फर्ड येथील हेन्री कॅप्लन याने नव्या, अधिक सामर्थ्याच्या यंत्राने हीच पद्धती शेवटास नेली. हनुवटीपासून छातीच्या पडद्यापर्यंत, खांद्यावरून शाल पांघरावी तसा, सर्व भाग किरणांखाली घेण्यात येऊ लागला. ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे माप. त्या मापाने ४० ते ४४ ग्रे इतके किरण दिले जात. रोग मुळात एकाच भागात असला तर बहुसंख्य रोगी बरे होऊ लागले. त्या काळी कमी पडू न देणे हाच धर्म होता, हे प्रथम निःसंदिग्धपणे मान्य केले पाहिजे. ज्यांनी भीतभीत थोडे दिले त्यांचे रोगी गेले, आणि ज्यांनी धैर्याने पुरते दिले त्यांचे वाचले. आज मागे वळून त्यांस अविचारी म्हणणे हा कृतघ्नपणा होईल.

पण किरण विसरत नाहीत. आपल्या भागात या उपचारास कोणी ‘शेक’ म्हणतात, कोणी ‘लाईट’ म्हणतात. शेक हा शब्द मोठा घरगुती व मायेचा आहे. पाठ दुखली तर आजी विटेचा तुकडा तापवून फडक्यात गुंडाळते आणि शेक देते. दुखणे थांबले की शेक संपला, आणि शरीरास त्याची आठवणही राहत नाही. किरणांचा शेक तसा नव्हे. ज्या मुलीच्या छातीवर सतराव्या वर्षी किरण पडले, तिला चाळिशीच्या आसपास स्तनाचा कर्करोग होण्याचा संभव इतर स्त्रियांहून बराच अधिक असतो. कित्येकांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या वेळेपूर्वी अरुंद होतात, कित्येकांची कंठग्रंथी मंदावते. नेदरलँड्स येथे १९६५ ते २००० पर्यंत हॉजकिनच्या रोगावर उपचार घेऊन निदान पाच वर्षे जगलेल्या ३,९०५ जणांचा माग ठेवण्यात आला, आणि त्याचा वृत्तांत २०१५ साली प्रसिद्ध झाला. चाळीस वर्षांच्या अवधीत त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांस दुसरा कोणता तरी कर्करोग होतो, असा त्यांचा हिशेब निघाला. सामान्य लोकांत त्याच अवधीत हे प्रमाण शेकडा १९ च्या घरात असते. त्यांतील सर्वच दोष किरणांचा नव्हे, औषधांचाही वाटा त्यात आहे. तथापि किरणांचा वाटा लहान नाही.

येथे नीतीचा एक विलक्षण प्रश्न उभा राहतो. उपचारास संमती देतो तो अठरा वर्षांचा तरुण, किंवा त्याच्या वतीने त्याचे आईबाप. किंमत मोजतो तो पंचेचाळीस वर्षांचा संसारी मनुष्य. ऋण काढणारा एक आणि फेडणारा दुसरा. आणि तरी दोघांचे नाव एक, देह एक. वडिलांचे ऋण मुलाने फेडावे ही रीत आपल्या समाजास जुनी आहे. येथे तर मनुष्य आपलाच वडील आणि आपलाच मुलगा होऊन बसतो. त्या पंचेचाळीस वर्षांच्या माणसास कोणी विचारले नव्हते, कारण विचारावयास तो अस्तित्वातच नव्हता.

यावर कोणी म्हणेल की, हे ऋण काढले नसते तर तो फेडणाराही जन्मास आला नसता. मग त्याने तक्रार कसली करावी? आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. ऋण काढले यात दोष नाही. गरजेपेक्षा अधिक काढणे टाळता येत असेल आणि तरीही ते टाळले नाही, तर मात्र दोष येतो. आणि गरज किती याचे ज्ञान कोठून आले? तर आधीच्या रोग्यांनी अधिक सोसले, ते जगले, आणि कोणीतरी चाळीस वर्षे चिकाटीने त्यांची विचारपूस करून नोंद ठेवली म्हणून. आज ज्या मुलीस निम्म्याने कमी किरण मिळतात, तिच्यावर अनोळखी माणसांचे हे उपकार आहेत.

सातारा आणि सांगलीकडील वाचकांस ही गोष्ट त्यांच्याच नदीच्या दृष्टांताने सांगता येईल. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच मोडत असे. जिल्हे वेगळे झाले तरी पाणी एकच राहिले आहे. कोयनेचे धरण सातारा जिल्ह्यात आहे. कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळते, आणि तेच पाणी पुढे सांगलीच्या आयर्विन पुलाखालून जाते. पाऊस अनावर झाला म्हणजे धरण राखण्याकरिता दरवाजे उघडणे भाग पडते. वर टळलेले संकट काही अवधीने खाली पोहोचते. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीवर आलेल्या महापुरास कारणे अनेक होती, आणि धरणांतून सोडलेल्या पाण्याविषयी वादही पुष्कळ झाला. दरवाजे उघडावे लागले एवढ्यावरून कोणी शहाणा मनुष्य उघडणाऱ्यास दोष देणार नाही. धरणच गेले तर राखावयाचे काय? परंतु त्याच्यापाशी तीन गोष्टी मागण्याचा हक्क खालच्या गावांस निश्चित आहे. लागेल तेवढेच पाणी सोडावे. खाली वेळेवर खबर द्यावी. आणि पुलाखालची पातळी मोजून लिहून ठेवावी, म्हणजे पुढल्या पावसाळ्यात अधिक शहाणपणाने वागता येईल.

किरणचिकित्सेचा धर्मही याच तीन कलमांत सांगता येतो. पाहिजे तेवढीच मात्रा द्यावी. रोगी बरा होऊन घरी निघाला म्हणजे पुढे काय संभवते ते त्यास स्पष्ट सांगावे: छातीवर किरण घेतलेल्या मुलीने स्तनांची तपासणी इतरांहून बरीच आधी सुरू करावी, फुप्फुसांवर किरण पडले असतील त्याने तंबाखू आणि विडी कायमची सोडावी. आणि त्याची नोंद जन्मभर ठेवावी. बार्शी येथे १९८७ साली खेड्यापाड्यांतील कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. असली कामे दिसावयास रुक्ष असली तरी नीतीच्या दृष्टीने ती दानधर्माच्या तोडीची होत.

आता पाहिजे तेवढीच मात्रा म्हणजे किती? आपल्या घरांतील जुन्या बायकांस हा प्रश्न नवा नाही. बाळगुटी उगाळताना हळकुंडाचे किती वेढे, जायफळाचे किती, मुरुडशेंगेचे किती, हे बाळाच्या वयावर आणि प्रकृतीवर ठरे. जायफळाचा एक वेढा अधिक झाला तर मूल नको तितके झोपून राही. औषधाचा गुण पदार्थात जितका, तितकाच वेढ्यांच्या मोजणीत आहे, हे त्यांस पोथीवाचून ठाऊक होते. किरणांच्या बाबतीत ही मोजणी फार सावकाश, हजारो रोग्यांच्या साहाय्याने झाली. ज्यास केमो म्हणतात ती औषधयोजना जोडीला आल्यावर किरणांवरचा सर्व भार कमी झाला. जर्मन वैद्यांनी रोग प्रारंभीच्या, अनुकूल अवस्थेत असलेल्या १,३७० रोग्यांवर प्रयोग करून २०१० साली दाखवून दिले की, औषधाचे दोन फेरे आणि २० ग्रे किरण हे चार फेरे आणि ३० ग्रे यांच्याइतकेच गुणकारी ठरतात. काही संथ वाढणाऱ्या प्रकारांत तर, केवळ आराम देणे एवढाच हेतू असता, दोन दिवसांत मिळून ४ ग्रे दिले तरी गाठ पुष्कळदा उतरते.

याही पुढचा प्रश्न इंग्लंडातील वैद्यांनी विचारला: औषधाने रोग नाहीसा झालेला दिसत असेल तर किरण मुळीच न दिले तर? शरीरात रोग कोठे जागता आहे हे दाखविणारी पेट नावाची तपासणी आता उपलब्ध आहे. औषधानंतर तीत काही न दिसलेल्या ४२० रोग्यांचे दोन गट करून एकास किरण दिले, दुसऱ्यास दिले नाहीत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे, तीन वर्षांनी पहिल्या गटात शेकडा ९४.६ आणि दुसऱ्यात शेकडा ९०.८ जण रोग न उलटता राहिले होते. जगण्याच्या प्रमाणात मात्र किरण न घेतलेले मागे पडले नव्हते. म्हणजे, किरण गाळले तर शंभरांतील सुमारे चौघांचा रोग अधिक उलटतो, आणि त्यांस पुन्हा अधिक कडक उपचार सोसावे लागतात. किरण दिले तर त्या चौघांकरिता बाकीचे नव्वदांहून अधिक लोक नको असलेले ऋण जन्मभर वाहतात. ते चौघे कोण, हे आधी कोणास सांगता येत नाही.

हा सौदा आकड्यांत समतोल दिसला तरी माणसाच्या मनात समतोल राहत नाही. रोग उलटला तर तो दोनतीन वर्षांत उलटतो, रोगी त्याच वैद्याकडे परत येतो, आणि “तेव्हाच किरण दिले असते तर?” हा प्रश्न त्याच्या डोळ्यांत उभा असतो. किरणांनी हृदय बिघडले तर ते पंचवीस वर्षांनी, दुसऱ्या गावी, दुसऱ्या वैद्यापुढे. तेव्हा पहिल्या वैद्याचे नावही कोणी काढीत नाही. कमी दिल्याचा दोष चटकन नाव घेऊन दाराशी येतो; अधिक दिल्याचा दोष निनावी राहतो. आपल्या “काही कमी पडू दिले नाही” या वाक्यातील समाधानाचे मूळ येथे सापडते. त्यात रोग्याचे हित असते हे खरे; पण दोषाच्या त्या पहिल्या प्रकारापासून स्वतःस वाचविण्याची धडपडही असते. हेतू शुद्ध असूनही मनुष्य असा नकळत दुसऱ्याच्या शरीरावर आपल्या मनाची शांती विकत घेतो.

तथापि यावरून किरण गाळावेत असा सरसकट नियम काढणे म्हणजे एका अविवेकाच्या जागी दुसरा बसविणे होय. सतरा वर्षांची मुलगी, जिच्या छातीवरच किरण पडावयाचे आहेत, आणि साठ वर्षांचा गृहस्थ, ज्याच्या मानेपुरतेच ते द्यावयाचे आहेत, यांस तोच आकडा वेगवेगळी उत्तरे देतो. रोग उलटण्याच्या धास्तीत ज्यास एक दिवसही सुखाने काढता येणार नाही, त्याने उद्याचा धोका पत्करून आज किरण घेतले तर त्यास अडाणी म्हणता यावयाचे नाही. मात्रा वैद्य मोजतो; पण कोणते दुःख आपण सोसू शकू हे ज्याचे त्यासच ठाऊक असते. म्हणून दोन्ही बाजू उलगडून सांगणे हे सौजन्य नसून उपचाराचाच भाग आहे.

आणखी एक आक्षेप याहून गंभीर आहे. कमी देण्याची ही चर्चा ज्या देशांत चालली तेथे अधिक मिळत होते. आमच्या खेड्यांत तर मुळातच कमी मिळते, त्याचे काय? लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्या दुःखातून टाटांच्या दानाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. पुढे कितीतरी वर्षे कृष्णाकाठच्या रोग्यांस किरणांकरिता मुंबईचीच वाट धरावी लागे, आणि दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कित्येकांचे तात्पुरते घर झाली. आता कऱ्हाडास आणि मिरजेस किरणोपचाराची सोय आहे. तरी दिवसाला सुमारे २ ग्रे, आठवड्यात पाच दिवस, असे आठवड्यामागून आठवडे यावयाचे म्हणजे माण किंवा जत तालुक्यातील मजुराचा तेवढा रोज बुडतो. ऊसतोडीचा हंगाम आला, पैसे सरले, किंवा गाठ विरघळलेली पाहून बरे वाटले, की तो मध्येच येणे थांबवितो.

त्याचे हे कमी आणि विवेकाने केलेले कमी यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. उपाशी मनुष्य आणि उपवास करणारा मनुष्य दोघांच्याही पोटात अन्न नसते; पण एकास व्रतस्थ आणि दुसऱ्यासही व्रतस्थ म्हणणे ही क्रूर थट्टा होय. विवेकाने कमी देण्यास उलट साधने अधिक लागतात. पेट तपासणी महाग असते. किरण गाळलेल्या रोग्यास वर्षानुवर्षे वेळेवर बोलावून पाहावे लागते, म्हणजे रोग उलटलाच तर लवकर सापडतो. ज्यास ही तपासणी परवडत नाही आणि पुन्हा येणे जमणार नाही, त्यास किरण देऊन एकदाच शक्य तितके निश्चिंत करणे वैद्यास अधिक सुरक्षित वाटते. मग प्रश्न असा की, मनुष्य गरीब आहे एवढ्यावरून त्याच्या शरीरावर अधिक ऋण चढवावे काय?

प्रस्तुत लेखकास वाटते ते असे. समोर बसलेल्या त्या एका रोग्यापुरते वैद्याने त्याची खरी परिस्थिती जमेस धरलीच पाहिजे. जी वाट त्यास चालता येणार नाही ती उत्तम म्हणून दाखविणे हा पुस्तकी प्रामाणिकपणा झाला. तेव्हा त्यास किरण देणारा वैद्य निर्दोष आहे. परंतु त्याचे निर्दोषत्व समाजास उसने घेता येत नाही. एकाच रोगाच्या दोन मुलींपैकी एकीला तिच्या प्रकृतीवरून मात्रा मिळावी आणि दुसरीला तिच्या गावापासून तालुक्यापर्यंतच्या अंतरावरून मिळावी, हे जोपर्यंत चालू आहे तोपर्यंत वैद्याने आपले कर्तव्य केले आणि आपण आपले टाळले, असेच म्हटले पाहिजे. एसटीचे भाडे, बुडालेला रोज, फिरून बोलावणारे एक पत्र किंवा एक निरोप, या वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टी अशा रीतीने किरणांच्या मात्रेतच मोजल्या जातात.

डॉ. पीटर्स यांच्या चरित्रातील एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. हॉजकिनच्या रोगात किरणांचे क्षेत्र वाढवावे हे ज्यांनी आकड्यांनिशी सिद्ध केले, त्याच बाईंनी पुढे स्तनाच्या कर्करोगात सरसकट सर्व स्तन काढून टाकण्याची गरज नसते, थोडक्या शस्त्रक्रियेने आणि किरणांनी पुष्कळ स्त्रियांचे तेवढेच हित होते, असे प्रतिपादन केले. एका रोगात वाढविणे आणि दुसऱ्यात घटविणे हे त्यांस परस्परविरोधी वाटले नाही. कारण दोन्ही वेळा त्यांनी रोग्याकडे पाहून मोजले होते, आपल्या समाधानाकडे पाहून नव्हे.

कमी पडू न देण्याची आपली जुनी वृत्ती टाकून द्यावी असे म्हणण्याचा हेतू नाही. तिच्यावरच अजून कित्येक घरे उभी आहेत. मात्र काय कमी पडू द्यावयाचे नाही, हे नीट ठरविले पाहिजे. किरण, औषधे आणि सुया यांचा आकडा वाढवीत जाणे सोपे आहे, आणि तो केव्हातरी पुरे होतो. चौकशी, खबर, नोंद आणि सोबत यांना मात्र तशी मर्यादा नाही. बरा झालेला मुलगा वीस वर्षांनी कोठे आहे, त्याचे हृदय कसे चालते, छातीवरच्या त्या जुन्या शेकाची हकीकत त्याच्या नव्या वैद्यास ठाऊक आहे काय, हे विचारणारे कोणी असेल तरच त्याच्या बाबतीत काही कमी पडले नाही असे म्हणता येईल.